कमी चाललेली गाडी धोक्याची कशी? एका प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. म्हणून खाली दोन ओळी खरडण्यापेक्षा इथंच सविस्तर लिहितो. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. साहेबांचे मेहुणे न्यू जर्सीत २००३ ची पोर्शे बॉक्स्टर घ्यायला निघालेत. गाडी २८,००० मैल चाललेली, एकाच मालकाची, गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली. मागच्या लेखात या गाड्यांच्या इंजिनातल्या दगा देणाऱ्या एका बेअरिंगबद्दल सांगताना मी 'कमी रनिंगवर भुलू नका' असं लिहिलं आणि ते वाचून मेहुणे बिचकले. साहेब विचारतात, कमी चाललेली गाडी धोक्याची, हे कुठलं तर्कशास्त्र? कंपनीनं पैसे वाचवायला हलकं बेअरिंग घातलं आणि इंजिन 'टाइम बॉम्ब' झालं, एवढं सरळ सोडून हा माणूस गोल गोल का फिरतो? आणि सोलापुरात बसून पोर्शेवर लिहायचा अधिकार याला दिला कुणी?

शेवटचं आधी. अधिकार कुणी दिला नाही. पोर्शे मी चालवलेलीही नाही. पण अक्कलकोट रोड एमआयडीसीत मोटारी दुरुस्त करण्यात आयुष्य चाललंय आणि बेअरिंग कुठल्या गाडीत बसलंय यावरून त्याचा स्वभाव बदलत नाही.

आता तुमचं 'हलकं बेअरिंग'. १९९७ पासूनच्या बॉक्स्टरमध्ये आणि त्यानंतर आलेल्या ९९६ मध्ये (म्हणजे पोर्शे ९११ च्या त्या वेळच्या पिढीत) एम९६ नावाचं इंजिन आहे. त्यात क्रँकवरून, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरून, चेननं फिरणारा एक मधला शाफ्ट असतो आणि त्याच्यावरून पुढं व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या चेन जातात. या शाफ्टच्या एका टोकाला ऑइल पंप आहे. तिथलं बेअरिंग साधं बुशसारखं, तेलावर चालणारं, त्याची कुणाची तक्रार नाही. दुसऱ्या टोकाला, फ्लायव्हीलच्या म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला, सीलबंद बॉल बेअरिंग बसवलंय. सुरुवातीला ते दोन ओळींचं होतं, २०००-०१ च्या सुमारास एका ओळीचं झालं. माप ६२०४ चं. हा आकडा सोलापुरात बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात सांगा, पोरगं वर न बघता डबी पुढं सरकवतं. पाण्याच्या मोटारीत हेच माप. यंत्रमागाच्या शेडमध्ये कापसाची भुकटी उडत असते, तिथं दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. सील बाहेरची घाण आत येऊ देत नाही, आतलं ग्रीस बाहेर जाऊ देत नाही. मग वाईट काय त्यात?

वाईट जागा आहे ओ. पोर्शेनं हे बेअरिंग इंजिनच्या आत बसवलं, जिथं चारी बाजूंनी गरम तेल आहे. सील कितीही चांगलं असलं तरी तापून, निवून, वर्षं गेल्यावर कडक होतं. मग तेल हळूहळू आत झिरपतं आणि कारखान्यात भरलेलं ग्रीस धुऊन नेतं. आत शिरलेलं तेल मात्र सहज बाहेर पडत नाही, कारण सील अजून तिथंच असतं. तुम्ही इंजिनचं तेल नियमानं बदललंत तरी बेअरिंगच्या पोटातलं जुनंच राहतं. म्हणजे ग्रीस गेलं आणि ताजं तेलही मिळेना. बॉल आणि ते ज्या कड्यांत फिरतात त्या रेसवर खड्डे पडायला लागतात, शाफ्ट डुलायला लागतो, चेनचं टायमिंग सुटतं आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तिथून पुढं इंजिनचं भंगार.

आता तुमच्या मेहुण्यांची झाकलेली गाडी घ्या. रविवारी चार मैल जाऊन परत येणाऱ्या इंजिनात तेल नीट तापतच नाही. पेट्रोलचा अंश, पाण्याची वाफ, आम्ल, सगळं तेलातच राहतं. असं तेल बेअरिंगमध्ये अडकून महिनोन्‌महिने एकाच जागी बसलं तर गंजाला आमंत्रणच. ही इंजिनं खोलणारे लोक म्हणूनच सांगतात, की रोज चालणारी, दणकून पळवलेली, वेळच्या आधी तेल बदललेली गाडी बहुधा तगते. शंभर टक्के नियम नाही हा. पण मीटरवरचा लहान आकडा बघून निर्धास्त व्हायचं कारणही नाही.

'टाइम बॉम्ब' हा तुमचा शब्दही मला पटत नाही. अमेरिकेत यावर सामूहिक खटला झाला, २००१ ते २००५ च्या मॉडेलांसाठी २०१३ मध्ये तडजोड झाली. त्या निमित्तानं जे आकडे सगळीकडे सांगितले जातात ते असे: दोन ओळींचं बेअरिंग शंभरात एकाहून कमी गाड्यांत गेलं, एका ओळीचं साधारण आठांत. आठ म्हणजे थोडे नव्हेत, पण ब्याण्णव शाबूत राहिल्या हेही त्याच आकड्यात आहे. मेहुण्यांची २००३ ची, म्हणजे एका ओळीची. ९९६ टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळं आहे, त्यात ही भानगडच नाही. २००९ च्या मॉडेलपासूनच्या नव्या इंजिनात तो मधला शाफ्टच काढून टाकला. २००६ ते ०८ च्या बहुतेक गाड्यांत मोठं बेअरिंग आहे, ते कमी जातं, पण इंजिन पूर्ण खोलल्याशिवाय निघत नाही.

तर मेहुण्यांना एवढं सांगा. आधी बेअरिंग बदलल्याचं बिल मागायचं. क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरवलेलाच असतो, तेव्हाच हे काम करून घेतात. बिल नसेल तर तेल काढून फिल्टर बघायचा. या गाडीत फिल्टरचं एलिमेंट कागदी आहे. ब्लेडनं त्याच्या घड्या कापून वर्तमानपत्रावर पसरायच्या, तेल निथळू द्यायचं आणि उन्हात तिरकं धरून बघायचं. चमकणारे कण दिसले तर कागदाखालून चुंबक फिरवायचं. कण चुंबकामागं पळाले तर ते पोलाद, आणि बेअरिंगचा संशय घ्यायलाच हवा. प्लॅस्टिकचे तुकडे असतील तर ते बहुधा चेनच्या गाइडचे, ती वेगळी चौकशी. पोलाद सापडल्यावर नुसतं बेअरिंग बदलून उपयोग नाही, तो चुरा इंजिनभर फिरलेला असतो. आणि फिल्टर स्वच्छ निघाला म्हणजे हमी मिळाली असंही नाही. काही बेअरिंग फारशी चाहूल न देता जातात. म्हणून स्वच्छ फिल्टरवाली गाडी घेतली तरी क्लच आणि बेअरिंगचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोलणी करायची.

विकणारा फिल्टर कापूच देत नसेल, तर मेहुण्यांनी सरळ दुसरी गाडी बघावी.