‘व्यायामाने जुनाट थकवा जातो’ या दाव्यामागचा पुरावा किती पक्का?

गेले काही दिवस गोव्यातील मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा आशय असा: महिनोन्महिने टिकणारा थकवा हा मनाचा आजार आहे, रक्ताचे अहवाल चांगले येतात हीच त्याची खूण, ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने तो व्यायामाने बरा होतो हे सिद्ध केले आहे, गोव्यातीलच एका पाहणीने त्याचे मूळ मानसिक असल्याचे दाखवले आहे, तेव्हा त्यावरील संशोधनाला आणखी निधी देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. मजकुरात आधाराला घेतलेली दोन्ही संशोधने खरी आहेत. त्यांवरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत, आणि या निष्कर्षांपायी आजारी माणसाला घरचेच लोक आळशी ठरवतात, म्हणून त्यांचे उत्तर देणे भाग आहे.

पहिला मुद्दा अहवालांचा. अशा दीर्घ थकव्याच्या एमई/सीएफएस (मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस/क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या आजाराचे निदान करणारी रक्ततपासणी अजून हाती नाही, हे खरे आहे. पण निदान लक्षणांवरून करता येते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली त्याचे निकष ठरवले, आणि त्यांतला कळीचा निकष आहे श्रमानंतर लक्षणे बळावणे. आमच्या नात्यातील फोंड्याच्या एका वहिनींनी चतुर्थीच्या आदल्या दिवशी तासभर उभे राहून माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला हात लावला. त्या दिवशी त्या ठीक दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपासून त्यांना डोके वर उचलवेना, बोललेले समजेना, आणि आरतीचा आवाज सोसवेना म्हणून खोलीचे दार लावून घ्यावे लागले. श्रम आज आणि त्याची किंमत उद्या किंवा परवा, हा उशीर या आजाराचे वैशिष्ट्य आहे. साध्या दमणुकीत तो नसतो.

आता ब्रिटनची चाचणी, जिच्यावर या मजकुराचा सारा भार आहे. ‘पेस’ नावाची ही चाचणी २०११ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्यात ६४१ रुग्ण होते आणि तिला सुमारे ५० लाख पौंड खर्च आला. नेहमीच्या वैद्यकीय देखरेखीला टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या व्यायामाची किंवा कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलू पाहणाऱ्या मानसोपचाराची) जोड दिली तर रुग्ण सुधारतात, असा तिचा निष्कर्ष होता, आणि २०१३ च्या पुढील लेखात या दोन्ही गटांतले सुमारे २२ टक्के रुग्ण बरे झाल्याचे म्हटले होते. अडचण ‘बरे’ कोणाला म्हटले इथे आहे. शारीरिक क्षमतेच्या ० ते १०० गुणांच्या प्रश्नावलीवर ६५ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यालाच चाचणीत प्रवेश होता. मूळ आराखड्यात बरे होण्यासाठी ८५ गुणांची अट होती, पण प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात ती ६० वर आणली गेली. म्हणजे ६५ गुणांनी आत आलेला आणि वर्षभरात ६० पर्यंत घसरलेला रुग्ण या निकषापुरता बरा ठरू शकत होता. ब्रिटनमधील न्यायाधिकरणाच्या २०१६ मधील आदेशानंतर मूळ माहिती खुली झाली. मूळ निकषांप्रमाणे पुन्हा आकडेमोड केली तेव्हा बरे झालेल्यांचे प्रमाण थेरपीच्या गटात ७ टक्के, व्यायामाच्या गटात ४ टक्के आणि केवळ वैद्यकीय देखरेखीच्या गटात ३ टक्के निघाले.

याखेरीज, कोणाला कोणता उपचार मिळतो आहे हे प्रत्येक रुग्णाला ठाऊक होते आणि मुख्य निकाल त्यांच्याच उत्तरांवर बेतलेले होते. अशा रचनेत आशेचा आणि भिडेचा परिणाम आकड्यांत उतरतो. व्यायामाचा गट शेवटी सहा मिनिटांत सरासरी ३७९ मीटर चालत होता, आणि निरोगी प्रौढाची चाल याहून पुष्कळ अधिक असते. उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये हाच व्यायाम सुचवला होता. सगळा पुरावा पुन्हा तपासून, त्याचा दर्जा कमी किंवा अत्यंत कमी ठरवून, तिने २०२१ मध्ये ती शिफारस मागे घेतली. थेरपी आधार म्हणून देता येईल, आजार बरा करणारा उपचार म्हणून नव्हे, असेही तिने स्पष्ट केले. फिरणाऱ्या मजकुरात यातले अक्षरही नाही.

गोव्याची पाहणी अधिक आदराने वाचायला हवी, कारण ती चांगली आहे. २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या या अभ्यासात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ स्त्रियांना विचारले. सुमारे १२ टक्के स्त्रियांनी सहा महिने किंवा अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले. त्याचा संबंध मानसिक अस्वास्थ्याशी आणि बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या कुचंबणेशी दिसला, हिमोग्लोबिनशी दिसला नाही. पण ही पाहणी थकव्याच्या तक्रारीची होती, एमई/सीएफएसच्या निदानाची नव्हे. शिवाय सगळे एकाच वेळी मोजलेले असल्याने आधी काय आणि नंतर काय हे तिच्यावरून ठरत नाही. कर्ज, मारझोड, उदासी यांनी बाई थकते हे खरेच आहे, आणि तो थकवाही खोटा नव्हे. त्यावरून वहिनींच्या आजाराचे कारण मात्र काढता येत नाही.

हीच कसोटी रुग्णांच्या बाजूने येणाऱ्या दाव्यांनाही लावावी लागते. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका विषाणूचा संबंध या आजाराशी जोडला गेला, तो प्रयोगशाळेतील दूषितीकरणाचा परिणाम निघाला आणि २०११ मध्ये लेख मागे घेतला गेला. रिटुक्सिमॅब या औषधाने नॉर्वेतील ३० जणांच्या चाचणीत १५ पैकी १० रुग्णांना गुण आला होता. तिथेच १५१ जणांच्या मोठ्या चाचणीत ते प्लासिबोहून, म्हणजे औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ उपचाराहून, सरस ठरले नाही. मला यात निधीची उधळपट्टी दिसत नाही. ती मोठी चाचणी झाली नसती तर एक निरुपयोगी आणि जोखमीचे औषध आज सर्रास दिले गेले असते.

उरला निधी. अमेरिकेत २०२१–२२ च्या पाहणीत १.३ टक्के प्रौढांनी हा आजार असल्याचे सांगितले, आणि तिथे आजाराच्या भाराच्या मानाने निधी सुमारे चौदा पट वाढवावा लागेल, असे २०२० च्या एका विश्लेषणात दिसले. ब्रिटनमधील ‘डीकोडएमई’ या जनुकीय अभ्यासाने सुमारे ३२ लाख पौंडांत, म्हणजे ‘पेस’हून कमी खर्चात, १५ हजारांहून अधिक रुग्णांचा डीएनए तपासून २०२५ मध्ये जनुकसंचातील या आजाराशी संबंध दिसणाऱ्या आठ जागा दाखवल्या. हे निष्कर्ष अन्य संशोधकांनी पडताळायचे आहेत, पण शोधायला जागा नाही असे आता म्हणता येणार नाही. गोव्यात दर पावसाळ्यात डेंग्यू आणि चिकुनगुन्या होतात, आणि अशा संसर्गांनंतर काहींचा थकवा महिनोन्महिने रेंगाळतो. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी अशा रुग्णांना सहा महिन्यांनी पुन्हा बोलावून, काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते एवढे जरी पद्धतशीर विचारले, तरी २००५ च्या पाहणीत न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागेल. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. प्रश्नावली, पाठपुरावा करणारी माणसे आणि दोनतीन वर्षांचा खात्रीचा निधी लागतो.