जाड तेल, मऊ स्प्रिंग आणि माझी एक चूक

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एका मुद्द्यावर तुम्ही माझे कान उपटलेत ते योग्यच आहे.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी सांगतो. जुन्या मोटरसायकलचे थकलेले फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, फेकून न देता आधी उघडून दुरुस्त करा, मग हवं तर पुढचं बघा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की मऊ स्प्रिंगने गाडी कडक लागते ही शुद्ध थाप आहे; तुम्ही जाड तेल टाकून तासाभरात जे साधलं त्यासाठी मी लोकांच्या सुट्ट्या वाया घालवतो; माझ्या सांगण्याप्रमाणे तेल भरलं तर पंधरा दिवसांत सील (तेल अडवणारी रबरी कडी) गळायला लागलं; आणि एवढ्या खटाटोपापेक्षा नव्या गाडीचे उलटे (जाड नळी वर, बारीक खाली असलेले) फोर्क आणून बसवले की विषय संपला. शिवाय मी ‘जुन्यात अडकलेला’ आहे. हे शेवटचं मान्य. बाकीचं बघू.

गळणाऱ्या सीलपासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. ‘मॅन्युअलमध्ये दिलेलं तेलाचं माप भरा’ एवढंच लिहून मी मोकळा झालो होतो. मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा मापं दोन असतात. फोर्क पूर्ण खोलून, धुऊन, कोरडा करून भरायचा असेल तर एक. नुसता खालचा स्क्रू काढून तेल सोडायचं आणि नवीन भरायचं असेल तर दुसरं, थोडं कमी. कारण नुसतं सोडलेलं तेल सगळं बाहेर येतच नाही, बरंचसं आत भिंतींना आणि डँपर रॉडपाशी (ज्या छिद्रांच्या दांडीतून तेल ढकललं जातं तिच्यापाशी) चिकटून राहतं. तुम्ही फोर्क खोलले नव्हते, आणि भरलंत कोरड्या फोर्कचं माप. पातळी वर चढली, वरची हवेची जागा आक्रसली. फोर्क दबला की ती हवा दाबली जाते, जागा निम्मी झाली की दाब साधारण दुप्पट. आधीच म्हाताऱ्या झालेल्या सीलवर प्रत्येक खड्ड्यात तो दाब येत राहिला. सील गेलं त्याचं हेच कारण असावं. माझ्या अर्ध्या वाक्याचा भुर्दंड तुम्हाला पडला, त्याबद्दल मनापासून माफी. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

खरं तर मिलीलिटरच्या मापावर विसंबूच नये. स्प्रिंग बाहेर काढायची, फोर्क पूर्ण दाबून सरळ उभा धरायचा, आणि पाईपच्या वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. मॅन्युअलमध्ये तेही दिलेलं असतं, आणि दोन्ही बाजूंना ते सारखं हवं. मी एका मोठ्या सिरिंजला बारीक कडक नळी लावून ठेवली आहे. नळीवर हव्या त्या अंतरावर चिकटपट्टीची खूण करायची, खूण पाईपच्या काठाला टेकवायची आणि ओढत राहायचं. तेल पातळीच्या खाली गेलं की सिरिंजमध्ये नुसती हवा येऊ लागते, तिथे थांबायचं. भरताना थोडं जास्त भरायचं, सात-आठ वेळा पाईप वरखाली करून अडकलेली हवा बाहेर काढायची, आणि मग ओढायला सुरुवात करायची. हवा काढली नाही तर मोजलेली पातळी खोटी.

आता मऊ स्प्रिंग. गाद्यागिरद्यांच्या जगात मऊ म्हणजे मऊ, हे बरोबर. पण फोर्कला हलायला जागा ठरावीक आहे. समजा एकूण १३० मिमी. तुम्ही बसल्यावर त्यातली साधारण एक तृतीयांश, म्हणजे ४० ते ४५ मिमी वापरली गेली तर ठीक. थकलेल्या फोर्कमध्ये तिथेच ६५ जातात. पुढचा ब्रेक दाबला की आणखी ४०. उरले २५. नेमक्या त्या क्षणी खड्डा आला, तर चाकाला वर यायला जागाच नाही, आणि त्या शेवटच्या टप्प्यात हवाही दाबून दाबून दगड झालेली असते. हाताला बसतो तो हा दणका. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप कडक आहेत, म्हणून तो आणखी पातळ तेल टाकतो, आणि गाडी आणखी बसते.

इथे माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. फोर्कच्या चकचकीत पाईपला एक केबल टाय बांधा, सरकेल इतपत घट्ट, आणि सीलला टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय पार वर जाऊन अडकला असेल तर फोर्क तळाला लागतोय. निम्म्यातच थांबला असेल आणि तरी हात दुखत असतील, तर दोष घर्षणाचा नाहीतर तेलाचा, स्प्रिंगला बोल लावू नका.

स्प्रिंग ‘मऊ पडते’ हा शब्दप्रयोग मीही करतो, पण तो ढिलाच आहे. स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो, आणि वर्षांनी यातलं काही फारसं बदलत नाही. बदलते ती लांबी. स्प्रिंग आखूड होते, म्हणून तिच्यावरचा सुरुवातीचा दाब कमी होतो आणि गाडी खाली बसते. म्हणूनच मॅन्युअलमध्ये मोकळ्या स्प्रिंगची किमान लांबी दिलेली असते. थोडी आखूड झाली असेल तर वर तेवढ्याच लांबीचा पाईपचा तुकडा आणि वॉशर घालून भागतं. मात्र तुमचं वजनच जास्त असेल तर हा तुकडा कितीही वाढवलात तरी स्प्रिंग कडक होत नाही, गाडी फक्त उंच उभी राहते. ओळखायची खूण अशी: तुम्ही बसल्यावरचा आकडा दाब वाढवून जमवलात, पण तुम्ही उतरल्यावर गाडी जवळजवळ पूर्ण ताठ उभी राहते, आपल्या वजनाने बसतच नाही. मग तुमच्यासाठी ती स्प्रिंग कमजोर आहे. बदला.

जाड तेलाकडे येतो. तुम्हाला फरक जाणवला यात शंका नाही. ब्रेक लावल्यावर गाडी पूर्वीसारखी चटकन डुबकी मारत नाही, बरोबर? पण ती डुबकी टळलेली नाही, लांबलेली आहे. ब्रेक धरून ठेवलात तर फोर्क शेवटी तिथेच जाऊन बसतो, कारण वजन तोलायचं काम स्प्रिंगचं आहे. तेल फक्त वेग ठरवतं. आणि जुन्या डँपर रॉडच्या फोर्कमध्ये तो वेग ठरतो चार-दोन छिद्रांतून. छिद्रातून तेल ढकलताना विरोध वेगाच्या जवळपास वर्गाने वाढतो: वेग दुप्पट तर विरोध चौपट, तिप्पट तर नऊपट. संथ डुबकीला आवर घालण्यापुरतं तेल जाड केलं की धारदार कडेच्या खड्ड्यात, जिथे चाक झटक्यात वर येतं, तिथे फोर्क कांबीसारखा ताठ होतो.

दुसरा त्रास उलट्या दिशेचा. जाड तेलाने फोर्क परत उघडायलाही वेळ लावतो. ओळीने पाच-सहा लहान उंचवटे आले, तर पहिल्यावर दबलेला फोर्क पूर्ण उघडायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा. दर वेळी थोडा थोडा खाली, आणि शेवटच्या उंचवट्याला फोर्कमध्ये हलायला काही उरत नाही. तुमच्या रस्त्यावर अशी जागा असेलच, लक्ष देऊन बघा. डब्यावरच्या आकड्याचंही फार मनावर घेऊ नका. एका कंपनीचं १० डब्ल्यू दुसरीच्या १५ डब्ल्यूइतकं जाड असू शकतं. माहितीपत्रकात ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (तेलाच्या जाडीचं माप) ते दिलेलं असतं, तुलना त्याची करायची.

आणि तासाभरात झालेल्या कामाबद्दल. तुमच्या फोर्कमधून बाहेर आलेलं तेल कसं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्या फोर्कमधून आलं ते राखाडी, पाटीपेन्सिल धुतलेल्या पाण्यासारखं, आणि सडक्या मासळीचा वास मारणारं. तो राखाडी रंग म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियम आणि बुशवरचा (पाईप ज्यावर सरकतो त्या कडीवरचा) टेफ्लॉनचा थर. खालचा बोल्ट सुटायला तयार नव्हता, आतला डँपर रॉड त्याच्याबरोबर गरागरा फिरत होता. नवशिक्यासारखी आधी स्प्रिंग काढून बसलो होतो ना! स्प्रिंग आणि वरचं झाकण परत बसवलं, फोर्क छातीशी दाबून धरला, तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने रॉड रोखला गेला आणि बोल्ट सुटला. पाईप ओढून काढला. बुश बोटावर फिरवून बघितला तर एका बाजूला काळपट टेफ्लॉन शाबूत आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढा तांबूस धातू उघडा पडलेला. तळाशी मलमासारखा गाळ होता, आणि तो स्क्रूच्या भोकातून कधीच बाहेर आला नसता.

असा बुश फोर्कला अडवतो. त्याची चाचणी सोपी आहे. पुढचं टोक जरा उचलून हळूच सोडा, उंची मोजा. मग दाबून हळूच वर येऊ द्या, पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे घर्षण. माझ्या गाडीत तो २२ मिमी होता. नवे बुश, नवी सीलं आणि स्वच्छ तेलानंतर ८ झाला. स्प्रिंग तीच, तेलही मूळच्याच जाडीचं. त्यातले काही मिलिमीटर तर नुसता ॲक्सल नीट बसवल्याने मिळाले असतील: ॲक्सल आवळायचा, गाडी चार-पाच वेळा पुढे दाबायची म्हणजे दोन्ही फोर्क आपापल्या रेषेत येतात, आणि मगच बाजूचे क्लँप बोल्ट आवळायचे. आधी आवळले तर फोर्क एकमेकांना चिमटीत धरून बसतात.

आता उलटे फोर्क. ते वाईट आहेत असं मी कुठेच म्हटलेलं नाही. वाकायला ते कमी वाकतात, आणि बरोबर चांगला ब्रेकही मिळतो. पण ‘बसवले की विषय संपला’ या चार शब्दांत किती कामं दडलीत बघा. स्टेमची लांबी आणि बेअरिंगचं माप, चाक, ॲक्सल, डिस्क, कॅलिपर, स्टिअरिंगचे स्टॉपर. फोर्कची लांबी २५ मिमी कमी निघाली तर १४०० मिमीच्या व्हीलबेसवर (दोन चाकांच्या मध्यांतल्या अंतरावर) गाडीचा कोन जवळपास एक अंशाने बदलतो, आणि वळताना गाडी बिचकल्यासारखी वागते. स्प्रिंग दुसऱ्याच वजनाच्या गाडीसाठी बनवलेली. मुख्य म्हणजे ते फोर्क तुम्ही जुनेच घेणार. तेलाने उसळी आवरणारे टेलिस्कोपिक फोर्क १९३५ साली बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर आले तेव्हापासून कल्पना एकच आहे, पाईपात पाईप आणि मध्ये बुश. उलटे केले तरी बुश झिजतोच, तेल सडतंच. म्हणजे न उघडलेला जुना फोर्क काढून न उघडलेला दुसरा जुना फोर्क बसवायचा. सुधारणाच करायची असेल तर आहे त्या फोर्कच्या डँपर रॉडवर बसणारा व्हॉल्व्ह घ्या. दाब वाढला की तो उघडतो, त्यामुळे संथ डुबकीही आवरते आणि धारदार खड्डाही गिळला जातो. फक्त नव्या बुशनंतर.

मागच्या शॉकअपबद्दल तुमची ओळ बरोबर आहे. जुन्या गाड्यांचे बरेचसे जोडशॉकअप कायमचे बंद केलेले असतात, ते उघडायला बनवलेलेच नसतात. तिथे नवीनच घ्यायचे. गॅसवाले असतील तर घरी हातही लावू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो. फक्त घेण्याआधी मागचं चाक धरून आडवं हलवून बघा. मी बघितलं नव्हतं. वेगात मागून गाडी डुलते म्हणून नवे शॉकअप आणले, बसवले, आणि गाडी तशीच डुलत राहिली. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचे (स्विंगआर्मचे) बुश गेले होते.

तुमच्या सीलचं म्हणाल तर लगेच बदलू नका. आधी वरचं झाकण उघडून पातळी बरोबर करा. मग धूळरोधक सील वर सरकवून जुन्या फोटोफिल्मसारखी पातळ, लवचिक पट्टी तेलाच्या सीलच्या ओठाखालून गोल फिरवा, कधी कधी आत अडकलेला एखादा कणच गळती करत असतो. पाईपवर नख फिरवून बघा. गंजाचा खड्डा नखाला लागला तर नवं सीलही फाटेल, तेव्हा आधी पाईपचं बघावं लागेल. पाईप पुसून आठवडाभर चालवा, आणि तेलाचं कडं परत उमटलं तर मात्र फोर्क खोला. केबल टाय तेवढ्यात काढू नका, तो कुठे थांबला ते इथे खाली लिहा.