मुलांना कळू न देता आरोग्य जनजागृती कशी करावी

तर तुमच्या शाळेत किशोरवयीन आरोग्य शिबिर घ्यायचा आदेश आलाय, तोही परवाच घ्या आणि फोटो पाठवा असा. अजिबात टेन्शन घेऊ नका. आधी बॅनर छापायला टाका. पाहुण्यांचे चेहरे मोठे, विषय बारीक, आणि 'किशोरवयीन'ची वेलांटी चुकली तरी चालतं, मुलं थोडीच वाचणारेत.

मग मुलग्यांना ग्राउंडवर सोडा. केंद्राचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे आणि त्यात १० ते १९ वयाचे मुलगे-मुली दोघंही येतात, पण ते कागदावर. एखाद्याचा आवाज फुटलाय, मिसरूड आलंय, रात्री चड्डी ओली होते म्हणून आपल्याला काहीतरी रोग लागलाय असं समजून पोरगा महिनाभर गप्प फिरतोय, तर फिरू दे, आपण नाही का फिरलो? शिट्टी मारा, कबड्डी लावा.

मुलींना हॉलमध्ये घ्या, खिडक्या लावा. नारळ, दिवा, स्वागतगीत, सरपंचांना शाल, उपसरपंचांना शाल (शाल एकच आणली असेल तर इथेच शिबिर फिसकटतं, हे मात्र सिरियसली घ्या). उपकेंद्राच्या सिस्टर तक्ते घेऊन साडेनऊपासून कोपऱ्यात बसल्यात, त्यांना शेवटची सात मिनिटं द्या. त्या डायरेक्ट 'पाळी' म्हणतात म्हणून माईक आधीच काढून ठेवा. आपल्याकडे शब्दांना काय तोटा आहे, अडचण आहे, बाहेरची आहे, कावळा शिवलाय. इतकी वर्षं कावळ्याने जबाबदारी घेतलीये, आता त्याच्याकडून काढून घेणं बरं दिसत नाही.

भाषणात र. धों. कर्व्यांचं नाव जरूर घ्या, पुरोगामी वाटतं. फक्त त्यांनी १९२१ साली मुंबईत काढलेलं केंद्र संततिनियमनाचं होतं, ते सांगत बसू नका. कोणी दहावीतल्या प्रजननाच्या धड्याचं विचारलं तर 'घरी वाचून घ्या'. घरचे म्हणतील शाळेत विचार. चेंडू फिरता राहतो.

आता निळी गोळी. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींना रक्त कमी निघालं, हा आकडा जोरात सांगा, टाळ्या मिळतात. (मुलग्यांत ३१ निघाले, पण ते कबड्डी खेळतायत.) मग ६० मिलिग्रॅम लोहाची ती आठवड्याची गोळी सकाळी, उपाशीपोटी, सगळ्यांसमोर गिळायला लावा. खिचडी खाल्ल्यावर घेतली तर मळमळ कमी होते हे सांगण्यात वेळ घालवू नका. पुढच्या आठवड्यात नळामागच्या गटारीत निळा सडा दिसेल, रजिस्टरला १०० टक्के लिहा.

प्रश्नपेटी ठेवा, पण चावी मुख्याध्यापकांकडे. आणि आभार प्रदर्शन चालू असताना एखादी सातवीतली पोरगी मागच्या दाराने सटकेल, गेटपाशी स्कूटी काढणाऱ्या सिस्टरना गाठेल आणि विचारेल, 'सिस्टर, गोळी घेतल्यावर शी काळी होते, मला काय झालंय?' सिस्टर हेल्मेट काढतील, म्हणतील, 'काही नाही गं बाळा, लोहामुळे होते तशी, जेवून घेत जा. पाळी आली का तुझी?' आणि दोघी तिथेच भिंतीला टेकून दहा मिनिटं बोलत बसतील. त्याचा फोटो काढू नका. मागे बॅनर येत नाही.