तेच पाच किलो

गेल्या नऊ वर्षांत मी एकूण ३१ किलो वजन कमी केलं. हा आकडा ऐकला की लोक आधी माझ्याकडे आदराने बघतात आणि मग नीट बघतात. कारण त्याच नऊ वर्षांत ३४ किलो परतही आले. सुरुवातीला मी ८६ किलोंचा होतो, यावरून आज किती असेन ते तुम्ही काढालच. सांगायचा मुद्दा असा की या विषयात माझा अनुभव दांडगा आहे. ज्यांना वजन घटवण्याचा छंद आयुष्यभर जोपासायचा आहे, त्यांच्यासाठी हे चार शब्द. ज्यांना एकदाच वजन उतरवून पुढे दुसरी कामं करायची आहेत, त्यांनी इथून मागे फिरावं.

सुरुवात सोमवारीच करा. बुधवारी सुरू केलेल्या गोष्टीला काही शोभा नसते. शिवाय सोमवार ठरला की आदल्या गुरुवारपासून ‘आता शेवटचंच’ म्हणत मोकळ्या मनाने जेवता येतं. त्यामुळे पहिल्या दिवशी काट्यावर आकडाही भरघोस येतो. घटवायचं म्हटलं तर गाठीला ऐवज नको?

मग एका दमात सगळं बंद करा. गोड बंद, तळलेलं बंद, पिष्टमय बंद, रात्रीचं जेवण तर बंदच बंद. पाचव्या दिवशी काटा दोन किलो खाली आलेला असेल. इथे एखादा शहाणा भेटतो आणि सांगतो की शरीर साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात स्नायूंत आणि यकृतात ठेवतं, तो साधारण अर्धा किलो असतो, आणि त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं तोडलं की साठा संपतो, पाणी वाहून जातं आणि चरबी जिथल्या तिथे बसून राहते. हाच शहाणा पुढे हिशेबही मांडतो: एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. पाच दिवसांत दोन किलो चरबी जाळायची तर रोज तीन हजारांहून जास्त किलोकॅलरींची तूट हवी. कित्येक माणसं दिवसभरात एवढी ऊर्जा वापरतच नाहीत.

अशा माणसांपासून लांब राहा. गणित करायचंच तर माझ्यासारखं करा. पाच दिवसांत दोन, म्हणजे वर्षात १४६ किलो! पुढच्या वर्षी या दिवसात मी उणे ६० किलोंचा असणार होतो. नातेवाइकांना मी तसं कळवलंही होतं.

कळवणं महत्त्वाचं. आपली वजनघट जगाला सांगायची ही खोड काही आजची नाही. १८६३ साली लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या वजनघटीची पुस्तिका पदरच्या पैशाने छापून वाटली, आणि ती एवढी गाजली की त्याच्या नावाचं इंग्रजीत क्रियापद झालं. गृहस्थाचा व्यवसाय अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहण्याचा होता. आपल्याच हातांनी गिऱ्हाईक लांबवणारा असा व्यावसायिक विरळा.

काट्याशी रोज किमान चारदा भेट हवी. उठल्यावर, आंघोळीआधी, आंघोळीनंतर आणि झोपताना उगाच. कपडे उतरवा, घड्याळ काढा, चष्मा काढा. मग आकडा दिसत नाही म्हणून चष्मा परत घाला आणि त्याचे वीस ग्रॅम मनातल्या मनात वजा करा. काटा कोपऱ्यात सरकवून बघा, एका पायावर उभे राहून बघा. अर्धा लिटर पाणी प्यायल्यावर काटा अर्धा किलो वर जातो. त्याला पाण्याचं वजन म्हणतात, पण तुम्ही त्याला चारित्र्याचा ऱ्हास समजा आणि दिवसभर घरातल्यांशी तुटक बोला. आदल्या रात्री खारट जास्त झालं तरी शरीर पाणी धरून बसतं आणि सकाळी आकडा फुगतो. पण ही सबब सांगितलीत की दुःखाची धार जाते.

आता व्यायाम. जिममधला ट्रेडमिल तुम्हाला शिक्षा वाटत असेल तर तुमची इतिहासाची जाण पक्की आहे. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांना राबवण्यासाठी पायाने फिरवायचं चाक बसवलं, आणि ब्रिटिश तुरुंगांत ते सर्रास वापरलं गेलं. पुढे १८९८च्या कायद्याने ती शिक्षा मोडीत निघाली. कैद्यांना निदान वर्षाची फी आगाऊ भरावी लागत नव्हती.

चालणं स्वस्त पडतं. रोज दहा हजार पावलं, एकही कमी नाही. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून आला असं समजू नका. १९६५ साली एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’ अशा अर्थाचं ठेवलं. नाव खपलं, आकडा राहिला. तरीही रात्री पावणेबाराला ३०० पावलं कमी पडत असतील तर पलंगाभोवती फेऱ्या मारा. झोपलेल्यांची झोपमोड झाली तर त्यांचीही हालचाल होते. ते जमत नसेल तर बसल्या बसल्या हात हलवा. यंत्र भोळं असतं. आणि मग स्वतःला बक्षीस द्या. अर्धा तास भरभर चालून जेमतेम दीडशे किलोकॅलरी जातात. परत मिळवायला दोन मिनिटं पुरतात, आणि त्या दोन मिनिटांत दम लागत नाही.

सहाव्या आठवड्याच्या सुमारास काटा रुसतो. शरीर हलकं झालं की त्याला इंधन कमी लागतं, पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन घटतं आणि भूक जास्त लागते. म्हणजे तुम्ही जितके निग्रही, तितकं शरीर बिलंदर. अमेरिकेत मिनेसोटात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांनी स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी राहून पाहिलं. त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं मन लावून वाचू लागले. तुम्ही मध्यरात्री मोबाइलवर अनोळखी माणसांना काहीतरी तळताना बघत असाल, तर घाबरू नका. परंपरा जुनी आहे.

याच टप्प्यावर माझ्या ओळखीतला एक जण वाया गेला. काटा अडला तेव्हा त्याने काहीच केलं नाही. पोटभर पण थोडं कमी जेवायचा, प्रथिनं पुरेशी घ्यायचा, आठवड्यातून तीनदा वजनं उचलायचा, वेळेवर झोपायचा. दोन वर्षांत ११ किलो उतरले आणि ते तिथेच राहिले. याच्याशी गप्पा मारून बघा. ‘कसं केलंस?’ विचारलं की दीड वाक्यात संपतो. ना घोषणा, ना पतन, ना पुनरागमन. आता तो पाणीपुरवठा, रस्ते अशा विषयांवर बोलतो.

तुम्ही तसं करू नका. कुणाचा तरी वाढदिवस येईल, केकचा एक तुकडा तोंडात जाईल. तिथे थांबलात तर केवळ तीनशे किलोकॅलरींची चूक झाली, आणि अशा अर्धवट चुका मनाला लागून राहतात. आजचा दिवस गेलाच म्हणा आणि दुसरा तुकडा घ्या. दिवस गेला की आठवडा जातो, आणि आठवडा गेला की पुन्हा येरे माझ्या मागल्या. गेलेलं पाणी पहिल्या दोन दिवसांत निष्ठेने परत येतं. चरबीला मात्र थोडा वेळ द्यावा लागतो.

कपाटात तीन मापांच्या पँटी ठेवा. सर्वांत लहान माप कधीच टाकू नका. ते बघून सोमवार ठरवायला बळ येतं. सर्वांत मोठं माप ‘तात्पुरतं’ म्हणून घ्या. माझं तात्पुरतं माप आता चार वर्षांचं झालं.

आज गुरुवार. काटा ८९ दाखवतो आहे, चष्म्यासकट. सोमवारला अजून वेळ आहे आणि स्वयंपाकघरात एक डबा निम्मा भरलेला आहे. तो सोमवारी डोळ्यांसमोर नको.