कोब्रा नोकरीच्या विम्यात धरत नाहीत

‘नोकरीचा विमा असेल तर पासष्टीला मेडिकेअर पार्ट बीची घाई नको’ हे लेखातलं वाक्य अर्धवट आहे. (मेडिकेअर म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा; पार्ट बी हा त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा, दरमहा हप्ता भरायचा भाग.) विमा चालू नोकरीचाच लागतो. निवृत्तीनंतर आपण पदरचे पैसे भरून कंपनीचाच विमा चालू ठेवतो, तो कोब्रा त्यात धरत नाहीत. आमचे हे सहासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. कार्ड तेच, डॉक्टर तेच, म्हणून १८ महिने आम्ही निर्धास्त. दंडाशिवाय नाव नोंदवायची मुदत मात्र नोकरी सुटल्यापासून ८ महिन्यांचीच होती! (नावच कोब्रा, डसणारच.) शेवटी जानेवारी ते मार्चच्या नोंदणीत अर्ज केला. आता हप्त्यावर १० टक्के दंड, तोही पार्ट बी असेतोवर दरमहा.

आणि कंपनीत २० पेक्षा कमी माणसं असतील तर पासष्टीलाच पार्ट बी घ्या. तिथे बिल आधी मेडिकेअरकडे जातं, कंपनीचा विमा नंतर.