फोटो झ्याक हाय, पण...

आमच्या तीन पिढ्यांनी मिळून एकच वाक्य ऐकलंय. गिऱ्हाईक पाकिटातून फोटो काढतं, हात लांब करून बघतं, दारातल्या उजेडात नेतं, सोबत आलेल्या मेव्हण्याला दाखवतं आणि म्हणतं, "फोटो झ्याक हाय ओ. पर ह्यो मी न्हवं."

आता आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण हे धंद्यात बोलायचं नसतं. ते आजोबा डार्करूमचं दार लावून, लाल दिव्याखाली बोलायचे.

आजोबांनी सांगलीत मारुती चौकाजवळ स्टुडिओ काढला. विष्णुदास भाव्यांनी इथे १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून गाव नाटकवेडं, त्यामुळे पडदा रंगवणारा माणूस गल्लीतच मिळाला. पडद्यावर तळं, तळ्यात दोन हंस, मागे बर्फाचा डोंगर. पुढे एक खांब. तो आतून पोकळ, म्हणून कोपर टेकवायचं नाही, टेकवल्यासारखं करायचं. आणि खुंटीला एक काळा कोट.

कोट आजोबांच्या मापाचा. बारीक माणसाला तो पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून बसवायचा, आणि जाड्यासाठी मागची शिवण कायमची उसवलेली. समोरून सगळे बॅरिस्टर. एकदा तासगावकडच्या एका मुलीच्या वडिलांकडे आठवड्याभरात तीन स्थळांचे फोटो गेले. तिघांच्या अंगात तोच कोट, तोच टाय, मागे तेच हंस. "एकाच घरातली पोरं दिसत्यात," म्हणत गृहस्थ चौकशीला थेट दुकानात आले. आजोबांनी त्यांना चहा पाजला आणि खुंटीवरचा जावई दाखवला.

पण आजोबांची खरी कमाई कॅमेऱ्यात नव्हती, पेन्सिलीत होती. शिशाचं टोक काचकागदावर घासून सुईसारखं करायचं, निगेटिव्ह उजेडासमोर तिरकी लावायची, डोळ्याला भिंग, आणि श्वास धरून बारीक बारीक ठिपके. देवीचे व्रण, तीळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं सगळी त्या ठिपक्यांत बुजायची. निगेटिव्हवर जे काळं, ते कागदावर गोरं. म्हणजे काळं फासल्याशिवाय माणूस उजळत नाही, हे आमच्या घरी शाळेत जायच्या आधीच कळलेलं. मुलीचा फोटो असला तर आजोबा दोन दिवस जास्त मागायचे. लग्नानंतर सासरची मंडळी एकदाही भांडायला आली नाहीत याचं श्रेय ते पेन्सिलीला द्यायचे. मी मुलींच्या सोशिकपणाला देतो.

आजीचा मात्र या कलेवर राग. फोटो पक्का करायच्या रसायनाच्या, म्हणजे हायपोच्या, वासाने तिच्या घरात धूप लागू पडत नसे. घरातल्या एकाही टॉवेलला मूळचा रंग राहिला नव्हता. वापरून झालेल्या हायपोत फोटोतली चांदी उतरते. ती काढायला कॅन भरून नेणारा एक माणूस पुढे यायला लागला. ते कळल्या दिवशी आजी पहिल्यांदा डार्करूमच्या दारात आली आणि म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं माझ्या मोरीतून चांदी वाहत होती?"

बाबांच्या काळात रंगीत रोल आले. ते धुवायला बाहेरच्या लॅबमध्ये जायचे, पेन्सिल सुटली. मग "हा मी नव्हे" याला बाबांकडे एकच उत्तर उरलं: "कॅमेरा खोटं बोलत नाही!" ज्या घराने दोन तालुक्यांचे व्रण बुजवले, त्या घरातल्या माणसाने हे म्हणायचं! पण आवाज असा की गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे मोजायचं.

२००५ साली कृष्णामाई दुकानात आली. निगेटिव्हचे गठ्ठे खालच्या कपाटात होते. जिलेटिन पाण्यात फुगलं आणि चेहरे फिल्मवरून सायीसारखे सुटून आले. आजोबा तेव्हा होते. एक निगेटिव्ह उजेडाला धरून ते बराच वेळ बघत राहिले. "सगळ्या सांगलीचं रिटचिंग केलं की हिनं एका रात्रीत," एवढंच बोलले. २०१९ ला ती परत आली तेव्हा भिजायला फक्त कोट उरला होता.

आता मी आहे आणि साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो. वाक्य तेच आहे, फक्त आता लोक मोबाइल पुढे करून पुरावा देतात, "हे बघा, असा दिसतो मी." पुष्कळ विचारांती मला त्याचं कारण सापडलं. माणूस जन्मभर स्वतःला आरशात बघतो, म्हणजे उलटा. आम्ही त्याला सुलटा दाखवतो, जसा तो बायकोला दिसतो. भांग दुसरीकडे, वाकडं नाक दुसरीकडे, मग तो दचकणारच. तेव्हापासून घरात लावायच्या फोटोला कुणी कुरकुरलं की मी आत जातो, संगणकावर फोटो आडवा उलटवतो आणि पाच मिनिटांनी "दुरुस्त केला" म्हणून आणून देतो. "आता कसं!" म्हणतात. (सरकारी कामाच्या फोटोला हे करत नाही. उगाच शंका नको.)

मागच्या महिन्यात बाबा कुठल्याशा कार्डासाठी फोटो देऊन आले. त्यांनी हनुवटी उचलायच्या आतच समोरच्या पोराने "झालं, काका" म्हटलं होतं. कार्ड हातात आलं. बाबांनी हात लांब केला, खिडकीपाशी गेले, आईला दाखवलं.

"हा मी नाही."

"तुमच्यासारखाच आलाय की," आई भाजी निवडत म्हणाली.

मी गुपचूप कार्डाचा मोबाइलवर फोटो घेतला, बाबांपुरता कापला, उलटवला आणि पुढे धरला. बाबांचा चेहरा निवळला. "हां. हा जरा मी वाटतोय. काय केलंस?"

"काही नाही, थोडं दुरुस्त केलं."

ते चष्मा वर सरकवून पुन्हा बघू लागले. मग हळूच त्यांनी आपल्या सदऱ्याच्या खिशाला हात लावला. डावीकडे. पुन्हा मोबाइलकडे पाहिलं.

"किती वर्षं करतोयस हे?"