मिनी ट्रॅक्टर विकून एटीव्ही घ्यायच्या आधी

मोसंबी बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक रील फिरतंय. मोटारसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी लाल गाडी आधी कमरेएवढं गवत भुईसपाट करते आणि पुढच्याच दृश्यात तोंडाला पातं लावून घरासमोरचा बर्फ बाजूला सारते. खाली लांबलचक मजकूर आहे. त्याचा सारांश असा: अमेरिकेतल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर सोडून एटीव्ही (म्हणजे रीलमध्ये दिसते तशी, कुठल्याही रानात चालणारी चारचाकी) धरलीय, तिची ताकद आपल्या मिनी ट्रॅक्टरच्या दुप्पट आहे, गवत कापणी, ओढकाम, फवारणी, माती सारणं असं सगळं एकाच यंत्रात होतं, भारतात ती दीड लाखात मिळते आणि तिला ना पासिंग लागतं ना लायसन्स. अंबड-पैठण पट्ट्यात काही जण मिनी ट्रॅक्टरला गिऱ्हाईक शोधायला लागलेत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी दीड लाखाचं बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे. रीलमध्ये दिसते ती गाडी 400 ते 600 सीसीच्या वर्गातली आहे. तिची चारही चाकं जोर लावतात आणि गिअरमध्ये लो रेंज, म्हणजे सावकाश पण जास्त जोराने ओढायची सोय, असते. अमेरिकेत अशी नवी गाडी साधारण सहा-सात हजार डॉलरपासून पुढे मिळते. आपल्याकडे पोलारिस कंपनीने 2018 मध्ये स्पोर्ट्समन 570 ही गाडी ट्रॅक्टर म्हणून नोंद होईल अशा रूपात आणली, तेव्हा एक्स-शोरूम किंमत 7 लाख 99 हजार होती. दीड लाखाच्या जाहिरातीत येते ती 110 किंवा 125 सीसीची, साखळीवर चालणारी, फक्त मागची चाकं फिरवणारी गाडी. लोणावळ्याला किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर पोरं पैसे देऊन चक्कर मारतात, त्याच जातीची. म्हणजे दाखवायची एक आणि विकायची दुसरी. मजकूर लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल, असं मला तरी वाटत नाही.

ताकदीच्या दाव्यात मात्र अर्धं सत्य आहे, म्हणून तो जास्त फसवतो. आपल्याकडे आलेली स्पोर्ट्समन 570 खरंच 34 एचपीची आहे आणि महिंद्राचा युवराज 215 आहे 15 एचपीचा. कागदावर दुप्पट झालंच! पण एटीव्हीचं इंजिन ते 34 एचपी मिनिटाला खूप जास्त फेऱ्यांवर, किंचाळत असताना देतं. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांत दिवसभर एका सुरात चालतं. आणि ओढण्याचा प्रश्न इंजिनापाशी संपत नाही, चाकाखाली वजन किती येतं त्यावर तो ठरतो. ही एटीव्ही सव्वातीनशे किलोची, तर युवराज पाऊण टनाच्या आसपास. ट्रॅक्टरच्या चाकात पाणी भरतात, वजनं अडकवतात, ते काय हौस म्हणून? कंपनीनेच या गाडीची ओढण्याची मर्यादा साधारण 555 किलो दिलीय, तीही ट्रॉलीचं स्वतःचं वजन धरून. दीडशे किलोची ट्रॉली वजा करा. उरलेल्या चारशे किलोंत वीस-बावीस किलोचे मोसंबीचे अठरा-एकोणीस क्रेट बसतात. तोडणीच्या दिवशी एवढ्याने काय होतंय?

आता गवत. आपल्या बागांमध्ये खरं काम हेच आहे. हरळी, लव्हाळा, कुंदा, केना आणि वरून गाजर गवत. मोसंबीत सहा बाय सहा मीटरवर झाडं असतात, त्यामुळे मधल्या पट्ट्यात यंत्र फिरवायला जागाही मिळते. तर रीलमधली एटीव्ही गवत कापते कशी? खरं सांगायचं तर ती कापतच नाही. नीट बघितलं तर मागे एक गाडा ओढलेला दिसतो आणि त्या गाड्यावर वेगळं पेट्रोल इंजिन असतं. कारण एटीव्हीला सहसा पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर अवजाराला देणारा शाफ्ट, नसतो. ट्रॅक्टरच्या मागे मिनिटाला 540 फेऱ्या फिरणारा तो शाफ्ट असतो म्हणूनच एका इंजिनावर रोटाव्हेटर, गवत कापणारे स्लॅशर आणि मल्चर, फवारणीचा पंप असं सगळं चालतं. एटीव्हीवाल्याला गवतासाठी दुसरं इंजिन विकत घ्यावं लागतं, अमेरिकेतसुद्धा. तिकडे दहा ते वीस एचपीचं इंजिन बसवलेला, चार-पाच फूट रुंद कापणारा ओढता मोवर काही हजार डॉलरला पडतो. दोन इंजिनं म्हणजे दोन ऑइलं, दोन एअर फिल्टर. वर इंधन पेट्रोल. त्यामुळे ‘एकाच यंत्रात सगळं’ हे वाक्य गवतापाशीच मोडून पडतं.

जाड गवतासाठी तिकडचा ढोबळ हिशोब असा की कापणीच्या प्रत्येक फुटाला पाच एचपी धरायचे. 15 एचपीच्या ट्रॅक्टरला तीन फुटी स्लॅशर त्यामुळे बेताचाच. पाच फुटी लावायचा तर 24-27 एचपीचा कुबोटा निओस्टार किंवा जॉन डिअरचा 3028 या वर्गात जावं लागतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मिनी ट्रॅक्टर विकणारे विक्रेतेही ‘साहेब, सगळं चालतंय’ म्हणतात आणि चालत नाही. दोन-तीन एकरांची बाग असेल तर मला यातलं काहीच घ्यावंसं वाटत नाही. 35 सीसीचा फोर-स्ट्रोक ब्रश कटर, एक गडी आणि पावसाळ्यात दोन-तीन वेळा भाड्याचा रोटाव्हेटर एवढ्यात काम भागतं. शिवाय ब्रश कटरने कापलेलं गवत तिथंच झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून पडतं.

बर्फाचा मुद्दा आपल्याला लागू नाही हे उघड आहे. पण मजकुरात पुढे असंही म्हटलंय की त्याच पात्याने शेततळ्याची माती सारता येते, रस्त्यावर मुरूम पसरता येतो आणि गारपिटीनंतर गाराही ढकलता येतात. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट ज्यांनी पाहिलीय, त्यांना गारांचा खच काय असतो हे सांगायला नको. पण तो खच उन्हाने वितळतो. तो ढकलून ठेवल्याने झडलेला मोहोर झाडावर परत चढत नाही. बाकी मातीचं म्हणाल तर नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ घनमीटरला पन्नास ते शंभर किलो भरतो, आणि ओली काळी माती दीड टनाच्या पुढे. ते पातं चार-पाच फुटांचं असतं, पुढच्या विंचच्या (दोरी गुंडाळणाऱ्या चरखीच्या) दोरीने उचललं जातं आणि मागे स्प्रिंग असते. बर्फाखाली फरशीची कड लागली तर पात्याने मान टाकावी आणि चेसिस वाचावी, यासाठी ती स्प्रिंग. मातीत घातलं की पातं प्रत्येक ढेकळाला मान टाकणार. बर्फासाठीसुद्धा त्यांना चारही चाकांचा जोर, लो गिअर, टायरला साखळ्या आणि मागच्या कॅरिअरवर वजन लागतं, आणि ओला जड बर्फ आला की लहान एटीव्ही तिथंही हात टेकते. मुरूम पसरायला ट्रॅक्टरच्या मागे लागणारं साधं लेव्हलर पातं गावच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे बनवून मिळतं.

अमेरिकेतल्या शेतकऱ्याने ट्रॅक्टर सोडला, हे विधान जॉन डिअरच्या देशाबद्दल केलंय. त्यावर आणखी काय बोलणार! घरापुढचं दोन-चार एकर गवत आणि हिवाळ्यातला बर्फ एवढंच काम असलेली माणसं तिकडेही याच पेचात असतात: जुनी एटीव्ही घ्यावी, बसून चालवायचा लॉन मोवर घ्यावा की पीटीओवाला छोटा ट्रॅक्टर? घरी एटीव्ही आधीच असेल तर तिला पातं लावणं स्वस्त पडतं. नुसतं गवत आणि बर्फ यासाठी नवी एटीव्ही घेणं तिथल्या हिशोबातही महागच.

एका बाबतीत मात्र एटीव्ही उजवी आहे आणि ते नाकारू नये. तिचे फुगीर टायर पाच-सात पीएसआय हवेवर चालतात. गाडीचं वजन कमी, त्यामुळे जमीन कमी दबते. आपल्या काळ्या रानात वाफसा यायच्या, म्हणजे ओल मशागतीजोगी उतरायच्या, एखादा दिवस आधी ती आत जाऊ शकेल आणि ट्रॅक्टर धुऱ्यावरच (बांधावरच) थांबेल. आता तिची दुसरी बाजूही बघा. बऱ्याचशा एटीव्हींमध्ये, होंडाच्या काही गाड्या सोडल्या तर, इंजिनाचा जोर रबरी पट्ट्याने चाकाकडे जातो. सावकाश, जड ओढकामात हा पट्टा तापतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये बाहेरच 42 अंश असतात. रेडिएटर पुढे, जमिनीलगत. गाजर गवताचं फूल आणि वाळकी कुसळं त्याच्या जाळीत जाऊन बसतात. पट्टा तुटला तर जालन्यात तो कोणत्या दुकानात मिळेल, हे गाडी घेण्याच्या आधी विचारा. आयशर आणि पोलारिस यांनी मिळून 2015 मध्ये खास आपल्यासारख्या गावांसाठी मल्टिक्स नावाची गाडी आणली होती. 2020 मध्ये ती बंद झाली. कंपनी मोठी असली तरी गाडी टिकेल असं नाही.

फवारणीचं एका ओळीत सांगतो. एटीव्हीवरचा साठ ते नव्वद लिटरच्या टाकीचा 12 व्होल्टचा पंप धुऱ्यावर तणनाशक मारायला ठीक आहे, मोसंबीच्या वाढलेल्या झाडाच्या आतपर्यंत औषध पोचवायला एचटीपी, म्हणजे जास्त दाबाच्या पंपाचाच जोर लागतो.

पासिंग नको, हे वाक्य तर उलटंच वाचायला हवं. त्या दीड लाखातल्या गाडीचं पासिंग होत नाही, म्हणून ती रस्त्यावर आणता येत नाही. आखाड्यावरून (शेतातल्या वस्तीवरून) गावात यायचं तर आपल्या बहुतेकांना डांबरी रस्ता ओलांडावा लागतो. तिथे कुणाला धक्का लागला तर ना नोंदणी ना विमा. भरपाई घरातून द्यावी लागेल.

आणि जिवाचा प्रश्न. रीलमध्ये एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा गाडी चालवताना दिसतो आणि खाली हसरे चेहरे टाकलेत. अमेरिकेत एटीव्हीच्या अपघातांत दर वर्षी शेकडो माणसं जातात. मोठ्या एटीव्हीवर सोळा वर्षांखालच्या मुलाला बसवू नये, अशी तिथे स्पष्ट सूचना असते. तीनचाकी एटीव्हींची विक्री तर 1988 मध्ये सरकार आणि कंपन्यांच्या समझोत्याने थांबवावी लागली. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर 2021 पासून नव्या क्वाड बाइकला (एटीव्हीचंच तिकडचं नाव) उलटल्यावर चालकाला वाचवणारी चौकट सक्तीची झाली. होंडा आणि यामाहा यांनी चौकट बसवण्यापेक्षा तिथला क्वाड बाइकचा धंदाच सोडला. चाकांतलं अंतर कमी, उंची जास्त आणि वळताना चालकाने स्वतःचं अंग झुकवून तोल सांभाळायचा, अशी या गाडीची घडण. सीट लांब दिसते तीही चालकाला पुढेमागे सरकता यावं म्हणून. आपल्याकडे तिच्यावर तिघं बसणार आणि मागे वैरणीचा भारा. बालाघाटाच्या उतारावर, दगडगोट्यांत. आपल्या बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांनाही रोलबार, म्हणजे तशी चौकट, नसतो, हे खरं. पण ट्रॅक्टर उतारावर जपून चालवायचा असतो, हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. एटीव्हीबद्दल मनात खेळण्याचीच कल्पना असते.

पैशाची एक बाजू त्या मजकुरात अजिबात आली नाही. सप्टेंबर 2025 मध्ये ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टरसाठी अनुदानाची सोय आहे, अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना जास्त आणि इतरांना थोडं कमी. त्यासाठी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रासारख्या सरकारमान्य संस्थेत त्या मॉडेलची तपासणी झालेली असावी लागते. ऑनलाइन मागवलेल्या 125 सीसीच्या गाडीकडे तसला अहवाल कुठून येणार? तीन-साडेतीन लाखांच्या घरातल्या ट्रॅक्टरमधून अनुदान वजा केलं की त्या ‘दीड लाखातल्या’ गाडीशी फरक किती उरतो, ते ज्याने त्याने कागदावर मांडून बघावं.

एवढं वाचूनही काहींना एटीव्ही हवीच असेल. चाळीस-पन्नास एकर सलग रान, ठिबकच्या लाइनी बघत दिवसभर फिरणं, रोपवाटिकेत कुंड्या हलवणं, एखादं कृषी पर्यटन केंद्र, अशा कामांना ती शोभते आणि माझी त्याला हरकत नाही. विक्रेत्याला एवढं विचारा: चारही चाकं जोर लावतात का, लो रेंज आहे का, ओढण्याची मर्यादा लेखी देता का, पट्टा आणि ब्रेक शू किती दिवसांत मिळतील? आणि मग दोनशे किलोची ट्रॉली लावून, काळ्या रानात, पाऊस पडून गेल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालवून दाखवायला सांगा. शोरूमपुढच्या सिमेंटवर मारलेली चक्कर त्यात धरू नका.